खाडा, रजा आणि उज्र

हजेरी, गैरहजेरी, रजा, दाखला हे शाळेच्या दफ्तरातले शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. ‘रजा’ या शब्दाचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी. सांगून, विचारून घेतलेली अनुपस्थिती ती रजा आणि न विचारता घडलेली ती गैरहजेरी. तिला खास मराठी शब्द आहे खाडा. रोजंदारीवरच्या मजुराचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी कापली जाते. हिशेब तिथेच मिटतो. शाळेतल्या मुलाचा खाडा पडला तर काय कापले जाते आणि ते कुणाच्या खात्यातून कापले जावे, हा हिशेब मात्र इतका सोपा नाही. त्यात न्याय, दया आणि खरेपणा या तिन्हींचा संबंध येतो.

आम्हाला येथे एका लहानशा, रोज घडणाऱ्या कृतीचा विचार करायचा आहे. मालेगाव किंवा भिवंडीसारख्या गावात यंत्रमागाच्या मोहल्ल्यातला एक मुलगा घ्या. बाप आजारी पडला, आई कांड्या भरायला जाऊ लागली, धाकट्या भावंडांकडे बघायला कुणी नाही. मुलगा आठ-पंधरा दिवस शाळेत फिरकत नाही. वर्गशिक्षकाला घरची हकीकत ठाऊक आहे. हजेरी कमी भरली तर मुलाची सवलत जाईल, पुढे परीक्षेला बसता येणार नाही, हेही ठाऊक आहे. तो हजेरीपट उघडतो आणि गैरहजर मुलापुढे हजेरीची खूण करतो. हे खोटे आहे. पण त्यामागची नियत नेक आहे. मग ही कृती पुण्याची की पापाची?

प्रथम नियम काय म्हणतात ते पाहू. शिक्षण सक्तीचे असावे ही मागणी महाराष्ट्रात जुनी आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सुचवले; शिवाय बहुजनांच्या मुलांची उपस्थिती वाढावी म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत असेही म्हटले. गरिबाच्या घरी मुलाचा दिवसही मोलाचा असतो, हे त्यांना पक्के माहीत होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात 1906 साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभे करणाऱ्या शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की दंड पालकाला होता, मुलाला नव्हता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हे ओझे आणखी एक पायरी वर नेले. या कायद्यात ‘सक्ती’चा अर्थच असा सांगितला आहे की सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे ही सरकारची जबाबदारी. म्हणजे सक्ती मुलावर नाही, शासनावर आहे. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली; पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हा नियम कायम राहिला. दहावी-बारावीला पोचल्यावर चित्र बदलते. तेथे मंडळाच्या परीक्षेसाठी 75 टक्के हजेरी लागते. आजारासारख्या रास्त कारणाने ती कमी पडली तर माफीची तरतूदही आहे. पण तिच्यासाठी कागद लागतात, आणि कागद गोळा करणे हे शिकल्यासवरल्या पालकाचे काम. कांड्या भरणाऱ्या आईच्या मुलाला मग शेवटी सतरा नंबरचा फॉर्म दाखवला जातो, किंवा तोही कुणी दाखवत नाही.

अशा वेळी शिक्षकाने खोटी खूण केली तर त्याला दोष द्यायला मन धजत नाही. तरीही आमचे म्हणणे असे आहे की ही दया मुलाच्या कामाची नाही. ज्या दिवशी गैरहजर मुलगा कागदावर हजर झाला, त्या दिवशी तो का आला नाही हे विचारण्याचे कारणच संपले. त्याच्या घरी कुणी जाणार नाही, मुख्याध्यापकाला काही कळणार नाही, शासनाच्या कोणत्याही तक्त्यात ते घर दिसणार नाही. खाडा ही त्या मुलाची फिर्याद होती. शिक्षकाने चांगल्या मनाने का होईना, ती दाबून टाकली. मुलगा शाळेतून गेला आणि नोंदीतूनही गेला.

दयेने उघडलेल्या या दारातून पुढे कोण आत शिरते, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर 2011 मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. तेव्हा लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. त्यांच्या नावाने तुकड्या मंजूर होत्या, पदे होती, अनुदाने होती. तेथे दयेचा लवलेशही नव्हता. पण लेखणीची खूण तीच होती. गरिबासाठी खोटे लिहिण्याची सवय एकदा पडली की गरिबाच्या नावावर खोटे लिहिणाऱ्याला वेगळे ओळखता येत नाही.

मग कठोर व्हावे काय? जे आहे ते लिहावे आणि नियमाप्रमाणे जे होईल ते होऊ द्यावे? तेही आम्हाला मान्य नाही. आमच्या मते या पेचातून निघण्याची वाट आपल्याच धर्मशास्त्राने, फिकहने, दाखवून ठेवली आहे आणि आपण ती रोजच्या जगण्यात वापरतोही. रमजानचा रोजा फर्ज आहे. पण आजारी माणसाला आणि मुसाफिराला उज्र आहे. तो रोजा सोडू शकतो. सुटलेला रोजा नंतर कजा म्हणून पुरा करतो. ज्याला कधीच झेपणार नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. मुसाफिराची चार रकातींची नमाज दोनवर येते. येथे कुणी खोटे बोलत नाही. न ठेवलेला रोजा ठेवला असे कुणी सांगत नाही. सवलत चोरून द्यावी लागत नाही, कारण ती नियमाच्या पोटातच आहे. आणि सवलत मिळाली म्हणून राहिलेले विसरले जात नाही. ते पुरे करायचे असते. शिवाय नाबालिग मुलावर फर्ज नाही. त्याची जबाबदारी त्याच्या वलीवर असते.

शाळेच्या हजेरीला हा विचार लावून पाहावा. खाडा पडला तर खाडाच लिहावा. त्याचे कारण विचारावे आणि तेही लिहावे. कारण रास्त असेल तर मुलाला उघडपणे सवलत द्यावी आणि बुडालेला अभ्यास भरून द्यावा. शिक्षण हक्क कायद्यात याच्या खुणा आहेत. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे असे तो सांगतो. तीही एक कजाच. पालकांना भेटून मुलाच्या उपस्थितीविषयी सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे असेही तो सांगतो, आणि त्याच कलमात शिक्षकाने स्वतः वेळेवर आणि नियमित हजर राहण्याचे कर्तव्य सर्वांत आधी लिहिले आहे.

सवलत उघडपणे देता येते याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. 1995 साली शालेय पोषण आहाराची योजना आली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळे, पण त्यासाठी 80 टक्के हजेरीची अट होती. ज्या घरची अडचण मोठी, त्याच घरची हजेरी कमी; म्हणजे धान्याची गरज जिथे जास्त तिथेच ते अडे, आणि खोटी खूण करण्याचा मोह तिथेच होई. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आता जो मुलगा आला तो जेवतो. काल का आला नाहीस म्हणून आजचे ताट कुणी ओढून घेत नाही. अट गेली आणि त्या अटीपायी होणारे खोटेही निमाले.

येथवर शिक्षक आणि शासन यांच्याविषयी बोललो. पण उज्र आणि बहाणा यांत फरक आहे, आणि तो आपल्या घरातही करावा लागेल. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की सहा ते चौदा वयाची सुमारे पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नाहीत किंवा त्यांनी ती सोडली. या आकड्यामागे गरिबी आहे, दूरच्या शाळा आहेत, भेदभाव आहे. ते सारे उज्र आहेत आणि ते ठणकावून सांगितले पाहिजेत. पण मामाच्या लग्नासाठी पंधरा दिवस, पाहुणे आले म्हणून चार दिवस, आणि मुलगी मोठी झाली म्हणून कायमचा खाडा, याला उज्र म्हणता येणार नाही. मुलाला आपण सुट्टी विचारतो, रजेचा अर्ज लिहितो. मुलीच्या खाड्याला मात्र अर्जही लागत नाही. तिची रजा, म्हणजे तिची राजीखुशी, कुणी विचारलेली नसते.

मशिदीच्या जमातीला जकातीचे हकदार कोण हे चांगले कळते. मोहल्ल्यातले कोणते मूल महिनाभर शाळेत गेले नाही हेही तिला कळू शकते. एखाद्या घरच्या दोन महिन्यांच्या मजुरीची सोय जमातीने केली तर एका मुलाचे वर्ष वाचेल. ते घर आधीच हकदारांत असेल तर जकातीचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचत नाही. पण त्यासाठी आधी हजेरीपट खरा हवा. त्यात त्या मुलापुढे ‘गैरहजर’ असे लिहिलेले हवे, आणि ते वाचून त्याच्या दारात जाणारे कुणीतरी हवे.