क्षण, क्रम आणि सॅम्पल रेट

सलग वाटणारा नाद मुळात सलग असतो, की सुट्या क्षणांच्या ओळीलाच कान सलग मानतो, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद डिजिटल ध्वनिमुद्रणामुळे आकड्यांच्या पातळीवर येऊन ठेपला आहे. माइकमधून आलेल्या विद्युत्तरंगाची उंची ठरावीक अंतराने मोजून तेवढेच आकडे साठवले जातात. एका सेकंदात घेतलेल्या अशा मोजमापांच्या संख्येला सॅम्पल रेट म्हणतात, आणि सीडीसाठी ती 44,100, तर व्हिडिओसाठी बहुधा 48,000 असते.

दोन मोजमापांच्या फटीत गायकाची मींड थोडीफार सांडतेच, अशी समजूत जाणकारांतही आढळते. ती खरी नाही. नायक्विस्टने 1928 मध्ये ज्याचा पाया घातला आणि शॅननने 1949 मध्ये जे सिद्ध करून मांडले, त्या नियमानुसार तरंगातील सर्वांत उंच कंपनसंख्या सॅम्पल रेटच्या निम्म्याहून कमी असेल, तर त्या आकड्यांतून एकच एक सलग तरंग परत उभा राहतो. मानवी कानाची धाव सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंत असल्याने 44,100 पुरतात. अट मोडली, तर मात्र नाद हरवत नाही, तो खोटा होतो. लोणावळ्यातील तुंगार्लीत तिन्हीसांजेला एखादे वटवाघूळ 40,000 कंपनांचा, माणसाला ऐकू न येणारा चीत्कार करत गेले, आणि तो टिपणारा माइक आणि मोजमाप यांच्यामध्ये उंच कंपने अडवणारी गाळणी नसली, तर 44,100च्या मुद्रणात 4,100 कंपनांची शिट्टी उमटते, जी त्या अंगणात कधी वाजलेलीच नसते. वेदान्तातील रज्जुसर्पाला, म्हणजे दोरीच्या जागी दिसणाऱ्या सापाला, निदान अंधाराची सबब असते. इथे प्रत्येक आकडा अचूक असूनही भास होतो.

एकट्या मोजमापाची गत दगडातही दिसते: भाजे येथील लेण्यात वाद्यावर हात ठेवलेली स्त्री कोरलेली आहे. दगडाने तिच्या वादनाचा एकच क्षण धरला आहे, त्यामुळे लय कोणती, हे त्यावरून सांगता येत नाही. पुढे धर्मकीर्तीसारख्या बौद्ध आचार्यांनी जे जे सत् ते ते क्षणिक, असे प्रतिपादन केले, तेव्हा न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांचा आक्षेप याच जागी होता: क्षण सुटे असतील, तर त्यांना ओवणारे कोण? योगसूत्रांवरील व्यासभाष्य मधली वाट धरते. त्याच्या मते क्षण वास्तव आहेत, पण दोन क्षण एकत्र नांदत नसल्याने मुहूर्त किंवा अहोरात्र हे समूह बुद्धीने रचलेले असतात. लोणावळ्यात 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापलेल्या कैवल्यधामात योगक्रिया यंत्रांनी मोजण्याचा उद्योग सुरू झाला, त्या परिसरात हे भाष्य आजच्या यंत्रापुढे ठेवून पाहणे अस्थानी ठरू नये.

कारण संगणकाच्या डिस्कवर क्षण एकत्र नांदतात. सगळे आकडे शेजारी-शेजारी, एकाच वेळी हजर असतात, आणि म्हणूनच त्यांत काळ उरत नाही. 44,100च्या वेगाने मुद्रित केलेला दहा मिनिटांचा ख्याल चुकून 48,000च्या वेगाने वाजवला, तर एकही आकडा न बदलता तो जेमतेम सव्वानऊ मिनिटांत संपतो, आणि तंबोऱ्याचा षड्ज कोमल ऋषभ ओलांडून शुद्ध ऋषभाच्या अलीकडे जाऊन बसतो. षड्ज कोणता, हे कोणत्याच क्षणात लिहिलेले नव्हते. ते फाइलच्या आरंभी नोंदलेल्या वेगावर आणि यंत्रातील घड्याळावर अवलंबून होते. नैयायिकाला हा आपला विजय वाटेल. बौद्ध मात्र विचारील की ते घड्याळ म्हणजे तरी क्वार्ट्झच्या स्फटिकाची एकामागून एक उठून विरणारी कंपनेच ना, आणि त्यांना ओवणारा आणखी कोणी दाखवता येतो का?