वरची कोथिंबीर

तळेगांवच्या बाजारांत भाजी घेऊन झाली, पैसे देऊन झाले, म्हणजे पिशवीचें तोंड उघडें धरून भाजीवालीला "मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका" असें म्हणण्याची आपल्या लोकांत रीत आहे. ती चार काड्या टाकते, कधीं दोन मिरच्याहि टाकते, आणि आपण पुढें जातों. ह्या चार काड्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. त्या विकत घेतल्या असें म्हणवत नाहीं, कारण त्यांचा भाव ठरला नव्हता. दान मिळालें असेंहि म्हणवत नाहीं, कारण दान घेणाराची मान थोडी तरी खालीं असते आणि आपली तर ताठ असते. चोरी म्हणावी, तर तिनें त्या आपल्या हातानें टाकल्या. मग ह्या काड्या आपल्या घरांत कोणत्या नात्यानें आल्या? प्रश्न क्षुल्लक आहे असें कित्येक वाचक म्हणतील. आम्हांस तो तसा वाटत नाहीं, म्हणून ह्या आठवड्यांत त्याचाच थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या काड्यांच्या मागें काय आहे तें पाहूं. कोथिंबीर पेरल्यापासून ३५ ते ४५ दिवसांत काढणीस येते. ती उपटणें, मुळांची माती झाडणें, जुड्या बांधणें, हें सर्व काम हातानें, आणि बहुधा बायकांच्या हातानें, होतें. जुन्नर व नाशिक ह्या भागांतील शेतकऱ्यांस विचारा. इतकें बेभरंवशाचें पीक थोडेंच असेल. पावसाळ्यांत सड लागून माल कमी झाला म्हणजे जुडीचा भाव चढतो, आणि सगळ्यांची कोथिंबीर एकदम बाजारांत आली म्हणजे तो इतका उतरतो कीं काढणीची मजुरीहि सुटत नाहीं. मग शेतकरी उभ्या पिकांत जनावरें सोडतो, नाहींतर नांगर फिरवून तें मातींत गाडतो. भाजीवाली ती जुडी पैसे मोजून घेते, आणि सकाळीं घेतलेली जुडी दुपारच्या उन्हांत मान टाकते.

ह्यावर लोक असें म्हणतात कीं, ती काय पदरचें देते? तिनें तें भाजीच्या भावांत आधींच धरलेलें असतें. हें पुष्कळ अंशीं खरें आहे. जुडी स्वस्त असते तेव्हां ती न मागतांहि टाकते, गिऱ्हाइकाशीं दोन शब्द गोड होतात, आणि दुसऱ्या दिवशीं गिऱ्हाईक तिच्याकडेच येतें. असल्या देवघेवीवर उगाच बोट ठेवणारा मनुष्य आम्हांस आवडत नाहीं. परंतु श्रावणांत जुडी महाग होते आणि ती म्हणते, "ताई, आज नाहीं परवडत," तेव्हां आपलें तोंड कसें होतें? कोणी भाजी परत टाकतें, कोणी पुटपुटतें, कोणी शेजारच्या गोणपाटावर जाऊन बसतें. आतां शहरांत, आणि वाढत्या गांवांतहि, काचेच्या दाराचीं दुकानें झालीं आहेत. तेथें भाजी यंत्रावर तोलून तिच्यावर भावाची चिठ्ठी चिकटवितात. तेथें पैसे घेणाऱ्या मुलाला "वर थोडी कोथिंबीर टाक" असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. म्हणजे जिला ‘नाहीं’ म्हणणें जड जातें तिच्यापाशींच आपण वरचें मागतों. मागण्यांत दोष नाहीं. पण जें मागणें ‘नाहीं’ हें उत्तर सोसूं शकत नाहीं, तें मागणें नव्हे, घेणें होय.

शास्त्रांत ह्याचें एक भयंकर उदाहरण आहे, आणि योगायोग असा कीं तेंहि भाजीच्या बागेवरूनच घडलें. इज्रेल येथें नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता (१ राजे, अध्याय २१). घराजवळ भाजीपाला लावावा म्हणून राजाला ती जागा हवी होती. इच्छा अगदीं साधी. त्यानें बदल्यांत अधिक चांगला मळा देऊं केला, नाहींतर रोख किंमत देऊं केली. व्यवहार म्हणून पाहिलें तर ह्यांत वावगें कांहींच नाहीं. नाबोथ ‘नाहीं’ म्हणाला, कारण ती त्याच्या वाडवडिलांची जमीन होती. त्या एका शब्दावर राजा तोंड फिरवून बिछान्यावर पडला व जेवेना, आणि पुढें ईजबेलेनें खोटे साक्षी उभे करून नाबोथाला दगडांनीं मारविलें. आम्हांस वाटतें कीं पापाचा आरंभ खुनापूर्वींच झाला होता. ज्या घटकेस राजाला ‘नाहीं’ हा शब्द असह्य झाला, ती घटका आरंभाची.

मावळांतील उर्से गांवच्या लोकांस जमीन मागणें म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. त्यांच्या बाजूनें मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग गेला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता २००२ सालीं पुरा झाला, आणि आज पुष्कळ लोकांस उर्से हें नांव केवळ तेथील टोलनाक्यामुळें ठाऊक आहे. रस्त्याचा उपयोग सर्वांस होतो. अहाबाच्या कृत्याशीं त्याची तुलना करणें अन्यायाचें होईल. परंतु त्या काळीं भूमिसंपादनाचा जो १८९४ चा कायदा चालू होता, त्याखालीं मालकाला हरकत नोंदवितां येई, किंमतीबद्दल कोर्टांत जातां येई. ‘देत नाहीं’ एवढें म्हणून जमीन राखतां येत नसे. २०१३ च्या नव्या कायद्यानें खाजगी कंपनीसाठीं जमीन घेतांना बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ८० ची, आणि सरकार व खाजगी कंपनी ह्यांच्या भागीदारीच्या कामासाठीं शेंकडा ७० ची संमति लागते असें ठरविलें. कायद्याला हें उमजण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. पण हें विषयांतर झालें. आपण कोथिंबिरीकडे वळूं.

रानांत इस्राएल लोकांस जो मान्ना मिळाला त्याचें वर्णन करितांना पवित्र शास्त्रानें धण्यांचीच उपमा दिली आहे (निर्गम १६:३१). तो मान्ना सर्वस्वीं फुकट होता. त्यासाठीं कोणीं नांगर धरला नव्हता. तरी त्याला माप होतें. माणशीं एक ओमर, त्याहून अधिक नको, आणि सकाळपर्यंत ठेवूं नये. ज्यांनीं ठेविला त्यांच्या भांड्यांत किडे पडले. दुसरा नियम अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत आहे, आणि तो आपल्या प्रचारक बंधूंनीं मंडळींत अवश्य वाचून दाखवावा. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यांतून जातांना पोटभर द्राक्षें खाण्यास मोकळीक आहे, भांड्यांत भरण्यास नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांतलीं कणसें हातानें तोडण्यास मोकळीक आहे, विळा लावण्यास नाहीं. भुकेला हात चालतो, सांठविणारें भांडें चालत नाहीं. इतकी साधी व इतकी बारीक सीमा दुसऱ्या कोणत्या कायद्यांत आखली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां घराच्या मागच्या भिंतीकडे या. उर्से येथें, आणि सबंध मावळांत, जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चार हात लांब व दोन हात रुंद एवढा वाफा केला तर तो गुंठ्याचा साठावा हिस्साहि भरत नाहीं. तेवढी माती फरशीखालीं गेली नसेल तर एका घरास लागणारा हिरवा मसाला बराचसा तेथें होतो. ज्यांना मातीच उरली नाहीं त्यांनीं रंगाचा रिकामा डबा घ्यावा आणि त्याच्या बुडास भोकें पाडावीं. साबणाचें पाणी झाडांस नको. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी, जें आज मोरींत जातें, तेंच वाफ्याकडे वळवावें.

पुदिन्यासाठीं बीं शोधण्याची गरज नाहीं. बाजारच्या जुडींतल्या जाड काड्या पाण्यांत उभ्या ठेवल्या तर आठदहा दिवसांत मुळें धरतात. मात्र त्याला डब्यांतच ठेवावें, मोकळा सोडला तर सगळा वाफा आपलासा करतो. गवती चहाचें ठोंब फोडून लावतात. कढीलिंबाच्या जुन्या झाडाभोवतीं मुळांतून पोरें फुटतात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं मातीसकट काढावीं. आलें मे महिन्यांत पुरून टाकलें कीं हिवाळ्यांत हातीं येतें. ह्यांतली मौज वाचकांच्या लक्षांत आली असेल. हीं सगळीं झाडें विकत आणण्याचीं नव्हत, मागून आणण्याचीं आहेत. ठोंब कोणाच्या तरी अंगणांतून येतें, पोर कोणाच्या तरी झाडाखालून येतें. म्हणजे जो वरचें मागण्यांतून सुटूं पाहतो त्याला पहिल्याच दिवशीं शेजाऱ्याच्या दारीं जावें लागतें. पण येथें शेजारी मोकळेपणीं नाहीं म्हणूं शकतो, आणि दिलें तर त्याचें झाड कमी होत नाहीं.

वाफा लागला म्हणजे आपण देणारे होतों, आणि देणाराचे मोह निराळे. शेजारची मुलगी आमटीसाठीं कढीलिंबाचीं चार पानें मागावयास येते, तिला आपण हसून देतों. दुसरा कोणी न विचारतां अख्खी फांदी मोडून नेतो, आणि आपण भांडावयास उठतों. हाताला हो म्हणावें, भांड्याला विचारावें, हा नियम येथेंहि पुरेसा आहे. त्याहून अवघड गोष्ट दुसरी आहे. भिंतीवरून हिरवीं पानें जातात, पण शिजलेली आमटी जात नाहीं, असें कोठें कोठें अजूनहि दिसतें. कच्चें कोणाहि हातचें चालतें, शिजलेलें चालत नाहीं, ह्या जुन्या रीतीचे घाव आपल्या वडिलधाऱ्यांनीं सोसले आहेत. म्हणून आपल्या घरांनीं तरी कोथिंबिरीची जुडी देऊन आपण शेजारधर्म पुरा केला असें समजूं नये. जुडी देणें सोपें आहे. ज्या पुदिना, शेप व जिरे ह्यांच्या दशमांशाविषयीं प्रभूनें परूश्यांस दोष लाविला (मत्तय २३:२३), तो दशमांश देणेंहि सोपेंच होतें. न्याय, दया व विश्वास हे जड पडत. वाफ्यावरचा पुदिना वाटणारा मनुष्य आपल्या शेतावरच्या मजुराची मजुरी शनिवारीं संध्याकाळीं देतो कीं पुढच्या आठवड्यावर ढकलतो, हें विचारण्याचा अधिकार त्या वचनानें आम्हांस दिला आहे. मात्र त्याच वचनांत प्रभूनें पुदिन्याचा हिशेब सोडून द्या असें म्हटलें नाहीं. मोठ्या गोष्टी करा आणि ह्याहि टाकूं नका, असा त्याचा रोख आहे. लहान हिशेब हा मोठ्याच्या आड येत नाहीं. आपण तो आड उभा करितों.

शेवटीं एक आक्षेप उरतो. प्रत्येकानें घरीं कोथिंबीर लावली तर त्या भाजीवालीचें काय, जुन्नरच्या शेतकऱ्याचें काय? ही भीति आम्हांस खरी वाटत नाहीं. लोणावळ्यापेक्षां उर्से येथें पाऊस पुष्कळच कमी, तरी जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोवळें रोप कुजविण्यास तो पुरे होतो. वळचणीखालीं डबा ठेवला तर थोडीफार हातीं लागते. एप्रिल-मेच्या उन्हांत रोप पानें वाढण्याआधींच फुलावर येतें. म्हणजे वर्षांतले सहा महिने तरी तिच्याकडेच जावें लागणार. फरक एवढाच कीं, जिनें चार हातांच्या वाफ्यांत चाळीस दिवस पाणी घालून हातांत मावेल एवढी जुडी पाहिली आहे, ती श्रावणांतला भाव ऐकून भाजीवालीला लबाड म्हणणार नाहीं. ती परवडेल तर पुरे पैसे देऊन घेईल, नाहीं तर कोथिंबिरीवांचून आमटी करील.

पेरणीस चांगला काळ म्हणजे पाऊस सरल्यावरचा. किराणा दुकानांतले धणे चालतात, मात्र ते सालीं जुने किंवा भाजलेले नसावे. एका धण्यांत दोन दळें असतात, म्हणून पेरण्यापूर्वीं ते पाट्यावर हलक्या हातानें रगडून फोडावे, रात्रभर भिजवावे, आणि बोटाच्या पेराहून खोल पुरूं नयेत. आठ ते बारा दिवस कांहींच दिसत नाहीं. तेवढ्यांत माती उकरून पाहूं नये. कोथिंबीर उपटण्याऐवजीं कात्रीनें कापली तर ती पुन्हां एकदां फुटते. नाताळच्या जेवणास घरची कोथिंबीर हवी असेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत बीं मातींत पडलें पाहिजे.