पाठवणे आणि टाकून देणे

एखाद्या कुटुंबात कर्करोगाचा रुग्ण असला, तर रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याची आस्थेने चौकशी होते, प्रार्थनेत त्याचे नाव घेतले जाते, शेजारीपाजारी डबा घेऊन रुग्णालयात जातात. त्याच कुटुंबात कोणाला स्किझोफ्रेनिया अथवा उन्माद-नैराश्याचा तीव्र आजार असला, तर मात्र सांगणारेही गप्प राहतात आणि विचारणारेही. धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, लोक नावे ठेवतील, या भयापोटी आजार आतल्या खोलीतच राहतो. सारे उपाय थकल्यावर एक दिवस डॉक्टर निवासी उपचारकेंद्राचे नाव सुचवतात आणि आईवडील धर्मगुरूंना विचारतात, ‘फादर, त्याला तिथे ठेवले तर पाप तर लागणार नाही ना?’

हा प्रश्न भाबडा नाही. त्याला दोन सोपी उत्तरे दिली जातात. रक्ताच्या माणसाला घराबाहेर ठेवणे म्हणजे त्याला टाकणेच, असे काहीजण म्हणतात. तज्ज्ञांच्या हाती सोपवले की आपले कर्तव्य संपले, असे दुसरे मानतात. आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

आधी आजाराचे स्वरूप ध्यानी घेऊ. तो संस्कारांचा दोष नव्हे, श्रद्धेची उणीव नव्हे आणि बाधाही नव्हे. उन्मादाच्या भरात माणूस रात्रीमागून रात्री झोपत नाही, पैसा उधळतो. कानी पडणारे भासमय आवाज त्याला जन्मदात्या आईवरही संशय घ्यायला लावतात. औषधे आहेत; पण लिथियमसारख्या औषधाची गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असल्यामुळे रक्ततपासणी वेळोवेळी करावी लागते. देखरेखीखाली औषध, ठरलेली झोप, ठरलेले जेवण आणि झेपेल इतके काम हे सारे महिनोन् महिने नेमाने देणे प्रत्येक घराला जमत नाही. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. आईवडिलांकडे वा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कित्येकांची प्रकृती अधिक स्थिर राहिली, असे त्यांना आढळले. सततची टीका आणि अतिकाळजी या दोहोंचा ताण रुग्णाला सोसत नाही, हे पुढील संशोधनाने दाखवले. घरच्यांमुळे आजार होतो, असा याचा अर्थ नाही. पण काही काळाचे अंतर कधी कधी औषधाइतकेच उपयोगी पडते, एवढे त्यातून निश्चित कळते. तेव्हा पाठवणे हे प्रेमाचेच कृत्य असू शकते.

मात्र कुठे पाठवतो आणि त्यानंतर काय करतो, यावर सारे अवलंबून आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. 28 जीव गेले. त्यांतील बहुतेकांना त्यांच्या आप्तांनीच तिथे आणून सोडले होते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. केवळ कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात राहावे लागू नये, असेही त्या कायद्यात लिहिले आहे. हे वाक्य कायद्यात लिहावे लागले, यातच आपल्या समाजाची परीक्षा आहे. बरे होऊनही न्यायला कोणी येत नाही, म्हणून मनोरुग्णालयातच म्हातारी झालेली माणसे आपल्या देशात आहेत. पत्ता चुकीचा दिलेला असतो, वा घर बदललेले असते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोहोचवण्याचे काम कर्जतच्या ‘श्रद्धा’ केंद्रातून डॉ. भरत वाटवानी करीत आले आहेत. त्यासाठी 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात याहून वेगळे उदाहरण आहे. बेल्जियममधील गेल या गावी संत डिम्फ्ना हिच्या मंदिरात मध्ययुगापासून मनोरुग्ण यात्रेकरू येत. चर्चलगतची रुग्णशाला भरली की गावकरी त्यांना आपल्या घरी उतरवून घेत. त्यांतले कित्येक तिथेच राहिले, शेतीत आणि घरकामात हातभार लावू लागले. एकोणिसाव्या शतकात तेथे रुग्णालय उभे राहिले, तरी घरे बंद झाली नाहीत. रुग्णाची आधी तपासणी होई आणि मग त्याला एखाद्या कुटुंबात ठेवले जाई. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अशा रहिवाशांची संख्या साडेतीन हजारांच्या वर होती. आज ती फार थोडी असली, तरी परंपरा टिकून आहे. रुग्णालय की घर, अशी निवड गेलने कधी केली नाही. दोन्ही लागतात, हे त्या गावाला उमगले होते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील थडग्यांमध्ये राहणारा माणूस आपण जाणतो. त्याच्या अवस्थेला आजच्या आजाराचे नाव देणे योग्य नव्हे. पण गावाने त्याच्याशी केलेले वर्तन ओळखीचे आहे. गावाला बेड्या ठाऊक होत्या. तो शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसला, तेव्हा लोकांना आनंद होण्याऐवजी भीती वाटली. त्याला येशूबरोबर नावेतून जायचे होते. प्रभूने मात्र त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांकडे परत पाठवले. त्या घराने दार उघडले की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही. ते उत्तर आपण द्यायचे आहे.

म्हणून त्या आईवडिलांना आम्ही म्हणू की पाठवण्यात पाप नाही. केंद्र नोंदणीकृत आहे का, तेथे मनोविकारतज्ज्ञ येतात का, रुग्णाला भेटता-बोलता येते का, हे पाहून आणि शक्य तोवर त्याचे मत विचारून पाठवा. पण त्याचा पलंग विकू नका. सातबाऱ्यावरून त्याचे नाव काढण्याची घाई करू नका. नाताळला त्याला घरी आणता येते का, ते डॉक्टरांना विचारा. येत नसेल तर तुम्ही जा. पाहुण्यांनी विचारले तर तो परगावी नोकरीला आहे, असे सांगू नका. माणूस आजाराने जेवढा दूर जातो, त्याहून दूर तो अशा खोट्याने जातो.

आणि उरलेल्या आपणा सर्वांनी हा भार त्या दोघा वृद्धांवरच सोडावा काय? ‘आमच्या पश्चात त्याचे कोण?’ या विचाराने त्यांना झोप येत नाही. महिन्यातून एकदा त्या केंद्रात भेटीला जाणारी चार माणसे प्रत्येक धर्मग्रामात निघायला हवीत. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना या आजाऱ्यांचाही, कुटुंबाची संमती असल्यास नावानिशी, उल्लेख व्हायला हवा. घरी परतलेला माणूस रविवारी चर्चच्या बाकावर येऊन बसला, तर शेजारच्याने सरकून दूर न जाता त्याला शांतीचा हात द्यावा. त्या आईवडिलांच्या प्रश्नाचे उत्तर केवळ धर्मगुरूंनी देऊन भागणार नाही.