आजचं चिंतन: पाचवं कारण आणि माझे गुळगुळीत टायर



आजचे श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातले, १४ ते १६. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. ते जिथे घडतं ती जागा, करणारा, त्याची साधनं, त्याच्या निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. आणि पुढे म्हणतात की जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसतच नाही. (शंकराचार्य पहिल्या कारणाचा अर्थ शरीर असा घेतात. मी आज साधा अर्थ घेतेय, जागा. का, ते कळेलच.)

हे श्लोक आले की मला एक गाडी आठवते. १९७३ची फोक्सवॅगन बीटल, फिकट निळी, दारांच्या खाली गंजलेली.

मी एम.एस.साठी मिशिगनच्या अगदी उत्तरेला, होटनला होते. लेक सुपीरियरवरून ओलावा घेऊन येणारं वारं तिथे बर्फ अक्षरशः ओततं. वर्षाला दोनशे इंचांच्या आसपास. जवळच्या किविनॉ काउंटीत १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९० इंचांहून जास्त पडला होता, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. गाव उतारावर वसलेलं, सगळे रस्ते खाली कालव्याकडे धावणारे. जुन्या गाड्यांचे खरे शौकीन ऑक्टोबरमध्येच गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतात, कारण रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं. मी शौकीन नव्हते, माझ्याकडे पैसे नव्हते. ती गाडी स्वस्तात मिळाली म्हणून माझी होती.

पण काय गाडी होती! इंजिन मागे, चालणारी चाकंही मागची, त्यामुळे सगळं वजन चाकांवर आणि बर्फातून ती चढण चढायची. इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे पाणी गोठायची भीती नाही. हीटर मात्र नावालाच. इंजिनाजवळची गरम हवा दाराखालच्या पोकळ पट्ट्यांमधून पुढे यायची आणि त्या पट्ट्या गंजलेल्या, म्हणजे निम्मी ऊब रस्त्याला. काच आतून गोठायची. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने काच खरवडणे, हे माझं रोजचं नामस्मरण.

शेजारी एक फिनिश वंशाचे आजोबा राहायचे. त्या भागात फिनलंडहून आलेल्यांची वस्ती खूप. त्यांनी मला एका रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं आणि म्हणाले, आता गाडी मुद्दाम घसरव. तासभर घसरवली. पुण्यात स्कूटर चालवलेल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो त्यांनी सोडवला. मागचा भाग ज्या बाजूला निघतोय, त्या बाजूला स्टिअरिंग वळवायचं. चाकं लॉक झाली तर ब्रेक सोडायचा, पुन्हा हलकेच दाबायचा. एबीएस नावाची गोष्ट त्या गाडीत नव्हती, ते काम तुमच्या पायाने करायचं. आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची, जिथे आदळायची भीती आहे तिथे नाही. पुढचं टोक हलकं पडतं आणि मग वळत नाही, म्हणून पुढच्या डिकीत वाळूची दोन पोती टाकून दिली. शेवटी टायरवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, हे बदल.

मी नाही बदलले. चार टायरचे पैसे म्हणजे भारतात यायच्या तिकिटाचा मोठा हिस्सा होता. मार्चपर्यंत काढू, असं ठरवलं.

२०११चा फेब्रुवारी. दुपारी थोडं ऊन पडून बर्फ वितळला आणि संध्याकाळी त्याची पातळ काच झाली. शून्याच्या जवळपासचा बर्फ सगळ्यात निसरडा असतो, कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त. मला हे माहीत होतं. उतारावर स्टॉप साइन दिसली, ब्रेक दाबला, चाकं थांबली आणि गाडी मात्र चालतच राहिली. ब्रेक सोडला, दाबला, सोडला. काही नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये लिहिलंय की बर्फावर गाडी थांबायला दहापट अंतर लागू शकतं. मी शांतपणे, म्हणजे खरंच शांतपणे, चौक ओलांडून पलीकडे गेले. कोपऱ्यावर एक मुलगा फावड्याने दारासमोरचा बर्फ काढत होता. माझी गाडी त्याच्यापासून एक हात अंतरावरून गेली. त्याने डोकं वर केलं आणि हात हलवला. त्याला वाटलं असावं मी मजेत घसरतेय.

मी हे कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टायर बदलले.

पुढच्या हिवाळ्यात त्याच उतारावर, त्याच चौकात माझा एक मित्र घसरला. नागपूरचा, माझ्याच बॅचचा. त्याच्याकडे जुनी व्हॉल्वो २४० होती. टायर चांगले, खास बर्फाचे, ऑक्टोबरमध्येच बसवलेले. वेग माझ्यापेक्षा कमी. कोपऱ्यावर एक सत्तरीच्या बाई कुत्र्याला फिरवत होत्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या वाचल्या, पण नंतर वॉकरशिवाय चालल्या नाहीत.

मी हॉस्पिटलच्या बाहेर त्याच्या शेजारी बसले आणि त्याला आजचेच श्लोक सांगितले. पाच कारणं असतात रे, तू एकटा कर्ता नाहीस. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण त्या बाईंना माझीच गाडी लागली ना."

थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये याच कोड्यावर लिहिलं, नैतिक नशीब या नावाने. नेगलच्या उदाहरणातला ट्रक ड्रायव्हर ब्रेक तपासायचं टाळतो, आणि एखादं मूल मध्ये येतं. मूल आलं नसतं तर त्याची चूक तेवढीच राहिली असती, पण त्याला ती जेमतेम आठवली असती. मी हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही. तो ड्रायव्हर कोण, हे मला माहीत होतं.

आता श्लोकाकडे. मी ते मित्राला सांगितले तेव्हा पाचव्या कारणावर जोर दिला होता. पण यादीत दुसरा कर्ता आहे, तिसरं साधन आहे. भगवंतांनी कर्त्याला यादीतून काढलेलं नाही, तो एकटाच आहे एवढंच नाकारलंय. माझे टायर माझ्या हातातलं साधन होते. माझ्या वेळी दैवाने माझं झाकलं आणि मित्राच्या वेळी झाकलं नाही. हिशोब नीट मांडला तर त्या चौकात दोघांपैकी जास्त चुकीची मी होते. आणि सांत्वन करायला मी बसले होते!

तुम्ही विचाराल, मग मी त्याला तेव्हाच का नाही सांगितलं? तेव्हा मी स्वतःला म्हटलं, त्याचं दुःख त्याचं आहे, त्यात माझी गोष्ट कशाला घुसवा. ऐकायला छान वाटतं. खरं कारण असं की श्लोक सांगणारी म्हणून मला त्याच्यापेक्षा एक पायरी वर बसता येत होतं. शास्त्राचा असा वापर मी नंतरही केलाय, ब्लॉगवरसुद्धा. तुमच्या कमेंट्सना उत्तर देताना कितीदा तरी.

तो अजून गाडी चालवत नाही. शिकागोत राहतो, तिथे ट्रेनने निभतं. दर हिवाळ्यात पहिला बर्फ पडला की त्याचा मला एक फोटो येतो, खिडकीतून काढलेला, खाली एक शब्द नाही. काल रात्री आला. मी नेहमीसारखं हात जोडलेलं इमोजी पाठवलं आणि झोपले. सकाळी उठून आजचे श्लोक कोणते ते पाहिलं.

आज साडेनऊला त्याला फोन करणार आहे. तिकडे सकाळचे दहा झालेले असतील. आधी टायरचं सांगेन, मग त्या फावडेवाल्या मुलाचं.