कान्होबांचा हिस्सा

भाडं थकलेला माणूस गाडी अंगणात चालू करत नाही. गेटपर्यंत ढकलत नेतो, रस्त्यावर काढतो आणि मग किक मारतो. देहूरोडला ज्यांनी वरच्या मजल्यावर दोन-चार खोल्या काढून भाड्याने दिल्यात, त्यांच्या कानाला ही पहिल्या पाळीची वेळ ओळखीची आहे. जिन्यावरून पावलं हळू उतरतात. कडी न वाजता गेट उघडतं. खाली घरमालक जागाच असतो, पण उठत नाही.

दोघंही एकमेकांना चुकवतात. भाडेकरूचं समजतं. घरमालक का चुकवतो? समोर गेलं की विचारावं लागेल, आणि विचारलं की मिळणारं उत्तर त्याला पाठ आहे. ‘काका, पगार झाला की देतो.’

या वाक्याला आपण सबब म्हणतो. कधी कधी ती असतेही. पण एकदा कॅलेंडर काढून बघावं. भाडं पाच तारखेला ठरलेलं. पगाराचं काय? 1936 च्या वेतन कायद्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्याला महिना संपल्यावर 7 दिवस दिले, त्याहून मोठ्याला 10. म्हणजे कायद्याला धरून चालणारा कारखानाही पाचला पगार करायला बांधलेला नव्हता. त्यात चाकण-तळवड्याची निम्मी पोरं ठेकेदाराकडे. कंपनीतून बिल निघालं नाही की ठेकेदार थांबतो, ठेकेदार थांबला की पोरगा थांबतो, पोरगा थांबला की घरमालक. घरमालकाच्या कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही, तो खात्यातून परस्पर जातो. उशीर वरून खाली उतरत येतो, आणि गुन्हेगार मात्र शेवटच्या पायरीवरचा ठरतो.

आमच्या आळीत एकांनी भाड्याची तारीख पाचवरून बारावर नेली. हप्त्याची सोय त्यांनी आधीच्या भाड्यातून करून ठेवली. बरीचशी थकबाकी तारखेनेच मिटली. सगळी नाही. पगार खात्यात पडूनही न देणारे असतातच. त्यांच्याशी बोलणं वेगळं. एक जण अडला की हेच गृहस्थ दोन-दोन हजारांनी भाडं घेतात आणि प्रत्येक वेळी तारीख घालून पावती फाडतात. पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे, हा भाग वेगळा. अर्ध्या पैशांची पावती हातात पडली की माणूस जिन्यावरून नीट उतरतो.

राग येतोच. राग आला की हात आधी पाण्याच्या कॉककडे जातो, नाहीतर सबमीटरकडे. महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा तो हात धरतो. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडता येत नाही. भाडं थकलं म्हणून जागा खाली करून मागायची तर आधी लेखी नोटीस, आणि पुढे 90 दिवस दावा लावता येत नाही. (अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची वाट निराळी.) आपल्याच डोक्यावर राहणाऱ्या माणसाला वकिलामार्फत कळवायचं, यातली गंमत कुणाला दिसत नाही.

2020 मध्ये सरकारनेही या जिन्यात पाऊल टाकलं होतं. मार्चअखेरीस केंद्राचा आदेश आला, कामगारांकडे महिनाभर भाडं मागू नका. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने सांगितलं, भाडेवसुली किमान 3 महिने पुढे ढकला. पुढे ढकला म्हटलं होतं, सोडून द्या नव्हे. ते ढकललेलं भाडं शेवटी कुणी सोसायचं, हे घरोघरी निराळं ठरलं. काही खोल्या कुलूप लावून रिकाम्या झाल्या. गावी गेलेल्या काहींनी पुढे वर्षभराने पैसे पाठवले. काहींनी नाही.

सोडून देणं म्हटलं की या मुलखात एकच नाव ओठावर येतं. देहू इथून जवळच. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना एक बारीक तपशील हातून निसटतो. बुडवली ती सगळी खतं नव्हती. धाकटे भाऊ कान्होबा यांची निम्मी आधी वेगळी काढून दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. दुसऱ्याच्या हिश्शावर औदार्य दाखवलं नाही.

आपण घरमालक मंडळी बहुतेक कान्होबाच. खोलीवर कर्ज आहे, मुलीची फी आहे, खतं हातात धरून ठेवणं भाग आहे. बुडवायला एक दिवस पुरतो. ठेवली, तर ती घेऊन दारोदार जावं लागतं, तेही त्याच माणसांच्या, ज्यांच्या शेजाऱ्याचं खत नदीत गेलं.

कान्होबांचे अभंग गाथेत आहेत, थोरल्या भावाच्या वियोगाचे. त्यांच्या वसुलीची हकिगत मात्र कोणत्या कीर्तनात ऐकल्याचं मला आठवत नाही. ती ऐकायला आवडली असती. दुष्काळात बैल गेलेल्या एखाद्या कुळाच्या दारात ते खत घेऊन उभे राहिले असतील, तेव्हा आधी काय विचारलं असेल? पावसाचं की पैशांचं?