कळते, पण वळत नाही

चांगले-वाईट सारे कळते, पण दुसऱ्याच्या दुःखाने ज्याचे काळीज हलत नाही, तो माणूस गुन्हेगार की रोगी?

मानसशास्त्रात या स्वभावाला सायकोपथी म्हणतात. असा माणूस वेडा नसतो. बोलणे गोड, बुद्धी शाबूत. उणी असते ती दया आणि पश्चात्ताप. २००९ साली अमेरिकेत अँड्रिया ग्लेन, एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी काही जणांपुढे नैतिक पेच ठेवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. ही लक्षणे ज्यांच्यात अधिक, त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भावनेशी निगडित बदामाएवढा भाग कमी चेतला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधनात दिसले, की अशा गुन्हेगारांचे योग्य-अयोग्याचे निवाडे निरोगी माणसांसारखेच असतात. म्हणजे अक्ल जागी, दिल निजलेले.

मग शिक्षा कुणाला करायची? २००९ मध्येच अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ब्रायन ड्यूगन या खुन्याच्या बचावासाठी असा मेंदूचा पुरावा ज्यूरीपुढे मांडला गेला. तरीही ज्यूरीने त्याला मृत्युदंडच दिला. २०११ मध्ये त्या राज्याने मृत्युदंडच रद्द केल्यामुळे तो वाचला. आपल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकारामुळे ज्याला आपले कृत्य चूक आहे हेच कळू शकत नाही, त्याला माफी देते. शरीअतही अजाण मूल, झोपलेला आणि वेडा यांना जबाबदार धरत नाही. दोन्हीकडे कसोटी समजेची आहे. ज्याला कळते, त्याला जाब द्यावाच लागेल.

पण दिल निजले म्हणजे मेले का? २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा गुन्हेगारांना दुसऱ्याच्या वेदनेची चित्रफीत दाखवली. मेंदूने थंड प्रतिसाद दिला. मग 'त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा' असे सांगितले, तेव्हा तोच मेंदू बराचसा इतरांसारखा चेतला. वात विझली नव्हती, खाली ओढलेली होती.

इथे प्रश्न आपल्यावर उलटतो. दंगलीत शेजाऱ्याचे घर जळत असताना खिडकी लावून घेणारे काही रोगी नसतात. त्यांचा अमिग्डाला ठीक असतो. वात त्यांनी स्वतःच्या हाताने खाली केलेली असते.

मी शिक्षक आहे. अखलाकच्या प्रश्नांना मुले वर्गात पाठ केलेली उत्तरे देतात आणि आपण पूर्ण गुण देतो. त्या परीक्षेत सायकोपथही पहिला येईल. 'खोटे बोलू नये' हे शिकवणे सोपे आहे. मार खाणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून 'त्याच्या जागी तू असतास तर?' असे विचारणे, हा खरा धडा.