रात्रीच्या कॉफीगृहाची बखर

देवस्थानांचा इतिहास लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ताम्रपट, सनदा, महाजनांच्या सभांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या अशी साधने हाताशी असल्यामुळे ते काम पुष्कळसे सुकरही होते. परंतु त्याच देवळाच्या जत्रेत दशावतारी खेळ पहाटेपर्यंत रंगत असता, ज्याच्या चुलीवरचे आधण रात्रभर खाली उतरले नाही, त्या चहा-कॉफीच्या दुकानाची बखर मात्र कोणी लिहीत नाही. बसस्थानकाजवळचे, गिरणीच्या फाटकासमोरचे, इस्पितळाच्या कोपऱ्यावरचे रात्रभर उघडे राहणारे दुकान ही देखील गावाची एक संस्थाच होय. अशा दुकानांच्या आठवणी कोणी गोळा करू लागला, तर त्याचे आम्ही स्वागतच करू. मात्र या उद्योगात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि लेखणी उचलण्यापूर्वीच त्याचा निवाडा झाला पाहिजे. अशा दुकानाविषयी काय लिहिणे हे कर्तव्य, आणि काय न लिहिणे हे कर्तव्य?

दिवसा हॉटेलात येणारा मनुष्य चारचौघांत वावरावयास येतो. रात्री दोन वाजता येणाऱ्याची गोष्ट निराळी. कोणाचा रोगी इस्पितळात अत्यवस्थ असतो, कोणी घरातून भांडून निघालेला असतो, कोणाची पाळी नुकतीच सुटलेली असते, तर कोणाला परतावयास घरच नसते. एका कपाचे दाम देऊन हा मनुष्य दिवा, आडोसा आणि कोणी काही न विचारण्याची मुभा विकत घेत असतो. पुढे इतिहासलेखकाने गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थास बोलते करून त्या रात्रींची नावनिशीवार हकीकत छापली, तर त्या मुभेचा भंग होतो. हकीकत खरी आहे एवढ्याने तो भंग क्षम्य ठरत नाही.

खऱ्या नावांची यादी काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली काही प्रतिष्ठित मंडळींना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे त्यांत होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ धुमसत राहिला. चहा दिला गेला ही गोष्ट खोटी नव्हती. परंतु ज्या समाजात पेल्यावरून माणसाला वाळीत टाकता येते, तेथे पेल्यांची नोंद हे शस्त्र बनते. रानडे-टिळकांसारखे समर्थ पुरुष त्यातून तरून गेले. सामान्य मनुष्य तरला असता काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग मौनच बरे. दुकानाची स्थापना, मालकांची वंशावळ आणि कॉफीची चव एवढे लिहून थांबावे. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. वकिलीच्या व्यवसायात गोपनीयतेचा जो नियम आहे, तो या ठिकाणी मार्गदर्शक ठरावा. १८७२ च्या पुरावा कायद्याने पक्षकाराने वकिलास सांगितलेली गोष्ट सुरक्षित ठेवली होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले आहे. त्या तत्त्वाची दोन अंगे ध्यानात घेण्याजोगी आहेत. गुपित हे पक्षकाराचे असते, वकिलाचे नव्हे. पक्षकाराने स्पष्ट संमती दिली, तर ते उघड करता येते. आणि बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी झालेल्या संभाषणाला हे संरक्षण मिळत नाही. हाच न्याय दुकानाला लावला, तर रात्री येणाऱ्याचे दुःख हे त्याचे गुपित ठरते. पण दुकानाने दारात कोणाला अडविले, कोणाच्या हाती वेगळी कपबशी दिली, कोणाला पायरीखाली बसविले, हे काही गिऱ्हाइकाचे गुपित नव्हे. ते दुकानाचे उघड्या रस्त्यावरचे वर्तन होय, आणि त्यावर पडदा टाकण्याचा अधिकार मालकाला नाही, लेखकालाही नाही.

१९२२ साली निवर्तलेल्या शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. त्या दुकानी स्वतः महाराज गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही देत. ‘जुने चहाचे दुकान, राजाश्रय लाभलेले’ एवढेच कोणी लिहिले, तर त्यातील अक्षर न् अक्षर खरे असूनही सारा इतिहास खोटा होईल. महाराजांचा तो पेला थोर ठरला, तो गावातील इतर पेले बंद होते म्हणून. ते पेले बंद होते हेच जर लिहिले नाही, तर उघडणाऱ्याचे मोठेपणही कळणार नाही.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत जातीच्या कारणाने मज्जाव करण्यास बंदी घातली, आणि १९५५ च्या कायद्याने तेथील भांडी वापरू न देणे हाही अपराध ठरविला. कायदे करावे लागले, यातच तेव्हाच्या व्यवहाराची साक्ष आहे. जुन्या मालकांच्या नातवंडांना या नोंदी बोचतील, हे आम्ही जाणतो. परंतु वारसाला मालमत्ता मिळते, अपराध मिळत नाही. उलट वेगळी कपबशी कोणत्या साली आणि कोणाच्या हातून बंद झाली, हेही लिहिले, तर त्या घराण्याला आपल्यातील एखादा न्यायी पूर्वज सापडण्याचा संभव आहे.

आणखी एक ऋण राहते. बखर मालकाची आणि नामांकित गिऱ्हाइकांची होते. पहाटे तीन वाजता भांडी घासणारा पोऱ्या तीत कोठेच नसतो. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करण्याचे ठरविल्यावर ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापिल्या. पहिले सहकारी कॉफी हाऊस १९५७ साली दिल्लीला निघाले. केरळातील त्या चळवळीचा इतिहास नडक्कल परमेश्वरन पिळ्ळै या कामगारांतीलच कार्यकर्त्याने मल्याळममध्ये लिहिला. वाढणाऱ्याने लिहिलेली बखर ही बसणाऱ्याने लिहिलेल्या बखरीहून निराळीच असणार.

तेव्हा ज्या कोणास आपल्या गावच्या रात्रीच्या दुकानाची हकीकत लिहावयाची असेल, त्याने मालकाबरोबर पोऱ्यालाही विचारावे, आत बसलेल्याबरोबर बाहेर ठेवलेल्यालाही विचारावे. आणि ज्याने अंधारात आपले दुःख त्या बाकावर ठेवले, त्याचे नाव त्याच्या परवानगीवाचून घेऊ नये. अशा लेखनास दुकानदार कदाचित आपली जुनी वही दाखविणार नाही. तरीही ते लिहिले गेले पाहिजे, असे आमचे मत आहे.